खुनी सापडला नाही तर दोष कुणाचा? बायबलमधला निर्दोष रक्तपात आणि गावाचं प्रायश्चित्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातली पहिली नऊ वचनं वाचून लोक हमखास थबकतात. बेवारस प्रेत, अंतराची मोजणी, मान मोडलेली कालवड, हात धुणारे गावचे वडील: हे सगळं एकदम समोर येतं आणि मग प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नेमका विधी काय आहे?

उघड्या रानात एखादा माणूस मारून टाकलेला सापडतो आणि मारेकरी कोण ते कळत नाही. अशा वेळी वडील आणि न्यायाधीश येऊन प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. जे गाव सगळ्यात जवळचं ठरेल, त्याच्या वडिलांनी एक कालवड आणायची. तिला कधी कामाला जुंपलेलं नसावं, तिच्या मानेवर जू पडलेलं नसावं. तिला नांगरट-पेरणी न झालेल्या खोऱ्यात नेऊन तिथे तिची मान मोडायची. लेवीवंशी याजक तिथे हजर असतात. वडील त्या कालवडीवर हात धुतात आणि सांगतात, की आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही आणि आमच्या डोळ्यांनी ते पाहिलंही नाही. मग देवाजवळ मागणं: निर्दोष रक्ताचा दोष तुझ्या इस्राएल लोकांत राहू देऊ नकोस.

मूळ मजकूर एवढाच. बारीकसारीक नियम आहेत ते मिश्नामध्ये (यहुदी मौखिक कायद्याचं संकलन, साधारण इ.स. 200), त्यातल्या 'सोटा' या भागाच्या नवव्या अध्यायात. त्यावरची चर्चा ताल्मूदात आहे, आणि बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी पंडितानं हे सगळं कायद्याच्या कलमांसारखं मांडलं. खालची उत्तरं बहुतेक याच तिघांवर उभी आहेत.

2. गावानं काही केलंच नाही, तर प्रायश्चित्त कशाचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

पहिली गोष्ट जमिनीची. बायबलमध्ये सांडलेलं रक्त मारणारा आणि मेलेला यांच्यापुरतं राहत नाही. उत्पत्ती 4:10 मध्ये हाबेलाचं रक्त जमिनीतून देवाकडे ओरडतं. गणना 35:33 तर स्पष्टच म्हणतं की रक्तपातानं देश विटाळतो. देश सगळ्यांचा असल्यामुळे विटाळही सगळ्यांचा. गुन्हा एकाचा, पण डाग सगळ्यांच्या अंगणात पडतो.

दुसरी गोष्ट मिश्ना सांगते, आणि माझ्या मते विधीचं मर्म तिथे आहे. मिश्ना विचारते: न्यायसभेचे वडील खुनी असतील असं कुणाच्या मनात तरी आलं होतं का? मग "आमच्या हातांनी रक्त पाडलं नाही" हे त्यांनी कशाला म्हणायचं? मिश्नाचं उत्तर असं: तो माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी घालवला, असं झालेलं नाही. तो आम्हाला दिसला आणि आम्ही त्याला सोबत न देता एकट्याला वाटेला लावला, असंही झालेलं नाही. म्हणजे वडिलांना खून नाकारायचा नाहीये, हयगय नाकारायची आहे. उपाशी माणूस वाटेत काही तरी हिसकावायला जातो आणि मारला जातो. एकटा माणूस लुटारूंच्या हाती सापडतो. हे गावाला ठाऊक असायला हवं होतं.

ताल्मूदात रब्बी यहोशुआ बेन लेवी आणखी रोखठोक बोलतात: कालवडीची पाळी येते ती लोकांच्या कद्रूपणामुळेच.

थोडक्यात, गावावर आरोप नाही, पण "आमचा काय संबंध?" म्हणायची मुभाही नाही.

3. गणना 35 म्हणतं, खुन्याच्या रक्ताशिवाय देशाचं प्रायश्चित्त होत नाही. मग कालवड कशी चालते?

खुन्याच्या बदल्यात ती चालत नाहीच. गणना 35:31 प्रमाणे खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायला सक्त मनाई आहे. पैसे भरून सुटता येत नाही, मग जनावर देऊन कसं सुटेल? कालवड आहे ती खुनी ठाऊक नसण्याच्या काळापुरती. गावाला तोवर निर्दोष रक्ताच्या छायेत बसून राहावं लागू नये म्हणून. तो पुढे सापडला तर काय, ते प्रश्न 10 मध्ये.

4. मग हे बलिदान आहे की नाही?

रूढ अर्थानं नाही. वेदी नाही, रक्त शिंपडणं नाही, चरबी जाळणं नाही. बलिदानाच्या जनावराचा गळा कापतात. इथे मागच्या बाजूनं, मानेवर कुऱ्हाडीचा घाव घालतात. बलिदानाला अव्यंग जनावर लागतं. इथे व्यंग असलं तरी चालतं, जू मात्र पडलेलं नको. मांस कुणी खात नाही, कातडं कुणी घेत नाही, जागेवरच पुरतात. आणि सगळं मंदिरापासून दूर, ओसाड खोऱ्यात.

गणना 19 मधल्या तांबड्या गाईशी याची गल्लत करू नका. ती गाय जाळून तिची राख प्रेताच्या स्पर्शानं झालेल्या अशौचावर वापरतात; खुनाशी तिचा संबंध नाही. लेवीय 4:13 पासूनचं सबंध मंडळीच्या अजाणता पापाचं अर्पणही वेगळं, तिथे गोऱ्हा असतो आणि वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. आणि वर्षाच्या प्रायश्चित्त-दिनाचं (लेवीय 16) काय? तो दिवस मध्ये येऊन गेला तरी कालवडीचं देणं फिटत नाही, ते त्यानंतरही द्यावंच लागतं.

5. त्या बिचाऱ्या कालवडीचा काय दोष?

काहीच नाही. रब्बी योहानान बेन शौल यांचं म्हणणं ताल्मूदात आहे: जिला अजून फळ आलेलं नाही अशी कालवड, जिथे फळ येत नाही अशा जागी मारायची, कारण ज्याला फळ येऊ दिलं नाही अशा माणसासाठी हे प्रायश्चित्त आहे. न जुंपलेलं जनावर, न पेरलेली जमीन, अर्ध्यावर तुटलेलं आयुष्य.

यावर ताल्मूद लगेच आडवा प्रश्न टाकतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. फळ म्हणजे मुलंबाळं म्हणायची का? मग मेलेला माणूस म्हातारा किंवा षंढ असेल तर कालवड नको? तसं तर नाही. म्हणून फळ म्हणजे त्याच्या हातून पुढे घडली असती ती सत्कर्मं. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा खूनही इथे अर्धवट तोडलेलंच आयुष्य ठरतो.

हे सांगून जनावर मारण्याचा विधी आजच्या वाचकाच्या गळी उतरेल असा दावा नाही. तो उतरत नसेल तर नसो. पण वाचताना घाव डोळ्यांना खुपावा अशीच त्याची रचना आहे, हे मात्र लक्षात घ्यावं.

6. अंतर नेमकं कुठून मोजायचं? आणि मोजायचं कुणी?

गावच्या वडिलांनी नव्हे. यरुशलेमच्या मोठ्या न्यायसभेतून तीन जण येत. रब्बी यहूदांच्या मते पाच. ज्याच्यावर जबाबदारी पडायची त्याच्याच हातात मोजणीची दोरी देत नव्हते, हे शहाणपणाचंच.

प्रेताच्या कुठल्या भागापासून मोजायचं यावर तीन मतं आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात बेंबीपासून. रब्बी अकिवा म्हणतात नाकापासून. आणि रब्बी एलिएझर बेन याकोब म्हणतात मानेपासून, कारण तो 'मारलेला' झाला तो तिथे. पहिल्यांदा वाचताना हसू येतं; आडव्या पडलेल्या माणसाची बेंबी आणि नाक यांत फरक तो किती! पण दोन गावं जवळजवळ सारख्याच अंतरावर असली तर तेवढ्यानंही निकाल फिरतो. शिवाय या वादामागे जीव शरीरात कुठे राहतो हा प्रश्न आहे: जिथून पोषण झालं तिथे, की जिथून श्वास चालतो तिथे?

धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे सापडलं तर? एलिएझर म्हणतात शिर धडाकडे न्यायचं, अकिवा म्हणतात धड शिराकडे.

प्रेत वेशीलगतच पडलेलं असेल, कोणतं गाव जवळ ते उघड दिसत असेल, तरीही मोजायचंच. मोजणं हाच विधीचा भाग आहे. मोजणाऱ्यांना त्या प्रेताभोवती वाकून काम करावं लागतं. लांबून हळहळून भागत नाही.

7. दोन गावं अगदी सारख्या अंतरावर निघाली तर?

रब्बी एलिएझर यांच्या मते दोन्ही गावांनी एकेक कालवड आणायची. मायमोनिडीसनं नोंदवलेला निर्णय वेगळा आहे: दोघांनी भागीत एकच आणायची.

याहून अवघड प्रसंग म्हणजे जवळ खेडं आणि जरा पलीकडे मोठं शहर. वचन तर सरळ "जवळचं गाव" म्हणतं. पण बहुसंख्येचा नियम जवळिकीपेक्षा वरचढ मानला गेला, म्हणून मायमोनिडीस म्हणतो की लांबच्या गावात माणसं जास्त असतील तर जबाबदारी त्याची. तर्क बिनचूक आहे. मला मात्र वचनाचा साधा अर्थ जास्त पटतो: प्रेत ज्याच्या दारात, पहिला प्रश्न त्याला.

8. कोणत्या प्रसंगी हा विधी होत नाही?

वचनातला शब्द न् शब्द अट म्हणून वाचला गेला आहे. 'जमिनीवर' म्हणजे ढिगाऱ्याखाली लपवलेला नको. 'पडलेला' म्हणजे झाडाला लटकलेला नको. 'शेतात' म्हणजे पाण्यावर तरंगणारा नको. 'मारलेला' म्हणजे शस्त्रानं. गळा आवळून मारलेल्यासाठी कालवड नाही, आणि अजून धुगधुगी असलेल्यासाठीही नाही. सीमेजवळ किंवा बहुसंख्य परक्यांच्या शहराजवळ प्रेत सापडलं तर मोजणीच नाही. ज्या गावात न्यायसभा नाही ते गाव मोजणीत धरत नाहीत, त्याच्या पुढचं धरतात. यरुशलेमकडून कालवड कधीच घेत नाहीत, कारण ते शहर कुठल्याही एका वंशाच्या वाट्याचं मानलेलं नाही.

"म्हणजे पळवाटा झाल्या की!" असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. लपवलेलं प्रेत हा तर जास्तच भयंकर खून, मग तिथे विधी का नाही? नैतिक दृष्टीनं याला समाधानकारक उत्तर आहे असं मला वाटत नाही. हे कायद्याचं वाचन आहे, अक्षराला धरून केलेलं, आणि विधी जितका असाधारण तितक्या त्याच्या अटी घट्ट.

9. एक जण म्हणतो "मी खुन्याला पाहिलं". मग?

विधी थांबतो. एरवी अनुवाद 19:15 प्रमाणे दोन-तीन साक्षीदारांशिवाय काहीच सिद्ध होत नाही. पण इथे अट "कोणी मारलं हे ठाऊक नाही" अशी आहे, आणि एकालाही ठाऊक असेल तर ती अट मोडते. एरवी ज्यांची साक्ष घेत नसत, अशा स्त्रीचं किंवा दासाचं म्हणणंही इथे पुरतं. दुसऱ्यानं उठून "तू पाहिलेलं नाहीस" म्हटलं, तर एकास एक होऊन कालवड पुन्हा लागते.

यातून एक विचित्र अवस्था निघते. एका साक्षीदारावर खुन्याला शिक्षा देता येत नाही, आणि त्याच साक्षीदारामुळे विधीही करता येत नाही. सगळ्या गावाला नाव माहीत, पण न शिक्षा, न प्रायश्चित्त. आपल्याकडे अशी प्रकरणं कमी नसतात, पण हा कायदा निदान ती अवस्था झाकत नाही.

10. विधी झाल्यावर खुनी सापडला तर?

त्याला शिक्षा होतेच. कालवडीचं काय होतं ते वेळेवर अवलंबून आहे. मान मोडण्याआधी तो सापडला, तर ती सुटते आणि कळपात चरायला जाते. मान मोडल्यावर सापडला, तर ती जागेवर पुरायची. शंकेसाठी आणली होती, शंका होती तोवर तिचं काम झालं.

11. ते खोरं पुढे वापरता येतं का?

शेतीला नाही, कधीच नाही. मिश्ना म्हणते तिथे नांगरायचं नाही, पेरायचं नाही. तिथे बसून जवसाचे तंतू विंचरणं किंवा दगड फोडणं चालतं, कारण त्यांत जमीन कसली जात नाही. खोरं खडकाळ असावं असं मिश्नाचं म्हणणं, तर मायमोनिडीस जोरात वाहणाऱ्या ओढ्याचं धरतो.

मायमोनिडीसनं याचा उपयोग सांगितला आहे तो अगदी व्यवहारी आहे. खुनी बहुधा जवळच्याच गावचा असतो. यरुशलेमहून माणसं येतात, मोजणी होते, जनावर आणतात, मिरवत खोऱ्यात नेतात, आणि या सगळ्या गाजावाजात गावभर चर्चा होते. कुणी ना कुणी काही पाहिलेलं असतं, त्याची जीभ सैल होते. त्यात जमीन कायमची बाद होणार, म्हणून जमीनमालक स्वतःच खुनी शोधायला जिवाचं रान करतो. आणि वडील देवासमोर "आम्हाला ठाऊक नाही" म्हणत असताना ठाऊक असलेला माणूस गप्प बसला, तर तोही मोठ्या पापाचा धनी होतो. प्रायश्चित्ताच्या पोटात तपास आहे तो असा.

12. शरणपुरं हा याच कायद्याचा भाग का?

शेजारचा भाग. शरणपुरं आहेत ती चुकून मनुष्यवध झालेल्यासाठी, म्हणजे मारणारा माहीत आहे पण हेतू नव्हता अशा वेळी. यार्देनेच्या पूर्वेला बेसेर, रामोथ आणि गोलान, पश्चिमेला केदेश, शखेम आणि हेब्रोन अशी ही सहा नगरं (यहोशवा 20). सूड घेणाऱ्या नातलगापासून तो तिथे सुरक्षित राहतो, पण मुख्य याजक मरेपर्यंत बाहेर पडता येत नाही.

मिश्नातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मुख्य याजकांच्या आया या शरणार्थींना अन्नवस्त्र पुरवत, का तर आपला मुलगा लवकर मरावा अशी प्रार्थना त्यांनी करू नये!

13. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारायचं नाही असं अनुवाद 24:16 म्हणतं. मग शौलाच्या वंशजांना का मारलं?

2 शमुवेल 21. दाविद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला आणि कारण सांगितलं गेलं की आधीचा राजा शौल यानं गिबोनी लोकांना मारलं होतं. गिबोन्यांना अभयाची शपथ दिलेली होती (यहोशवा 9). त्यांनी सोनंरुपं नको म्हटलं, शौलाचे सात वंशज मागितले. दाविदानं दिले. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ तेवढा वाचवला.

अनुवाद 24:16 शी याचा सरळ विरोध आहे. टीकाकारांनी तडजोडी सुचवल्या आहेत, पण ओढूनताणून जुळवण्यापेक्षा विरोध मान्य करावा हे बरं. शिवाय कथाच आपल्याला दुसरीकडे बघायला लावते. सातांपैकी दोघांची आई रिस्पा. ती खडकावर गोणपाट पसरून बसली, जवाच्या कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना आणि रात्री रानच्या जनावरांना तिनं त्या प्रेतांजवळ फिरकू दिलं नाही. हे कळल्यावर दाविदानं शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवल्या, या सातांच्या अस्थी गोळा करवल्या आणि दफन केलं. आणि मजकूर म्हणतो की *त्यानंतर* देवानं देशासाठी केलेली विनंती ऐकली. सात जणांना टांगल्यावर नव्हे. लिहिणाऱ्याचा कल यातून दिसतो असं मला वाटतं.

14. असा कायदा फक्त इस्राएलातच होता का?

नाही. हम्मुराबीच्या कायद्यात (इ.स.पू. 18वं शतक) लुटारू सापडला नाही तर ज्याच्या हद्दीत लूट झाली ते शहर आणि तिथला अधिकारी भरपाई देतात, जीव गेला असेल तर मृताच्या माणसांना एक मीना (वजनाचं जुनं माप) चांदी. हित्ती कायद्यात तर प्रेतापासून ठरावीक अंतर मोजून त्या टापूतलं गाव धरण्याचीही तरतूद आहे. म्हणजे मोजणी जुनीच. फरक पैशाचा आहे: तिथे मृताच्या कुटुंबाच्या हातात काही पडतं, अनुवाद 21 मध्ये मृताच्या बायकामुलांना काहीच मिळत नाही. ही उणीव आहे, आणि ती झाकायचं कारण नाही.

15. येशूच्या खटल्यात रोमन सुभेदार पिलातानं हात धुतले ते याच विधीवरून का?

मत्तय 27:24 लिहिणाऱ्याच्या आणि त्याच्या वाचकांच्या मनात अनुवाद 21 असणार, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. स्तोत्र 26:6 मध्येही निर्दोषतेनं हात धुणं येतं. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वडील हात धुतात तेव्हा खून होऊन गेलेला असतो आणि त्यांना काही ठाऊक नसतं. पिलात धुतो तेव्हा माणूस जिवंत समोर उभा असतो आणि त्याला सोडणं पिलाताच्याच हातात असतं.

पुढच्याच वचनातलं "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो" हे जमावाचं वाक्य धरून शतकानुशतकं यहुदी लोकांना पिढीजात दोषी ठरवलं गेलं आणि त्यातून आणखी निर्दोष रक्त सांडलं. कॅथलिक चर्चनं 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेत, त्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही असं अधिकृतपणे म्हटलं.

16. हा विधी बंद कधी पडला? कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, तो करत असत का?

मिश्ना सांगते: खुनी वाढले तेव्हा कालवडीचा विधी थांबला. त्यासाठी एलिएझर बेन दिनाई याचं नाव घेतलं आहे. हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला बंडखोर-लुटारू. फेलिक्स या रोमन सुभेदारानं त्याला पकडून रोमला पाठवल्याचं इतिहासकार जोसेफस लिहितो. कारण उघड आहे: "कोणी मारलं ठाऊक नाही" असं म्हणायलाच जागा उरली नव्हती.

बेने इस्रायलांनी तो कोकणात केला नाही, करताही आला नसता. त्याला इस्राएलची भूमी लागते, याजक लागतात, मोठी न्यायसभा लागते. 'शोफतीम' या साप्ताहिक पाठाच्या शेवटी ही वचनं येतात आणि सभास्थानांत दर वर्षी वाचली जातात, एवढंच.

17. आजच्या काळात कुणी याचा आधार घेतला आहे का?

हो, आणि तोही सरकारी चौकशी अहवालात. सप्टेंबर 1982 मध्ये बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला इथे लेबनॉनी फलांजिस्टांनी (एक ख्रिस्ती सशस्त्र गट) पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. त्या वेळी तो भाग इस्रायली सैन्याच्या ताब्यात होता. न्यायमूर्ती यित्झाक काहान यांच्या आयोगानं फेब्रुवारी 1983 मध्ये अहवाल दिला. ज्यांनी स्वतः मारलं नाही पण धोका ओळखायला हवा होता, त्यांची 'अप्रत्यक्ष जबाबदारी' ठरवताना आयोगानं अनुवाद 21 मधल्या या कालवडीचा आणि प्रश्न 2 मध्ये दिलेल्या ताल्मूदातल्या चर्चेचा उल्लेख केला. संरक्षणमंत्री एरियल शेरॉन यांनी पद सोडावं असा निष्कर्ष आयोगानं काढला. त्यांनी संरक्षण खातं सोडलं, पण बिनखात्याचे मंत्री म्हणून ते मंत्रिमंडळात राहिले.